रात्रभर भिजलेली कॉफी

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बंगळुरूला नोकरी करणारी माझी मुलगी आठ दिवसांची सुट्टी काढून कराडला घरी आली होती. रात्रीची जेवणं झाली, उकाडा काही कमी होईना, म्हणून मी फ्रीज उघडला. दारातल्या कप्प्यात काळसर पाण्यानं भरलेली एक काचेची बाटली होती. आधी वाटलं, चिंचेचं पाणी असेल. झाकण काढून वास घेतला, तर कॉफी! कुणी केली, कधी केली, कशाची चौकशी न करता मी पेलाभर ओतून घेतली आणि उभ्या उभ्या संपवली. गारेगार, किंचित गोडसर. कडवटपणा नावालाही नाही. लेकीच्या हाताला चव आहे, असं म्हणत मी समाधानानं अंथरुणावर पडलो.

अकरा वाजले, बारा वाजले, डोळ्याला डोळा लागेना. छातीत धडधडायला लागलं. एक वाजता उठून बाहेरच्या खोलीत आलो, तर मुलगी अजून कामच करत बसलेली. तिनं विचारलं, ''अब्बा, बाटलीतलं किती प्यायलात?''

''एक पेला.''

''पाणी न घालता?''

''त्यात पाणी कशाला घालायचं?''

ती हसतच सुटली. म्हणाली, ''तो अर्क होता अब्बा! एका भागाला तीन भाग पाणी नाहीतर दूध घालायचं असतं. याला कोल्ड ब्रू म्हणतात. थंड पाण्यात रात्रभर भिजवायची, विस्तवावर ठेवायचीच नाही. नवीन प्रकार आहे.''

विस्तव लागलाच नाही, तरी इतकी कडक कशी, हे कोडं घेऊन मी गच्चीवर जाऊन बसलो. झोप तर गेलेलीच होती. पहाटेपर्यंत बसल्या बसल्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्या कामासाठी कॉफी मुळात माणसाच्या हाती आली, तेच काम तिनं त्या रात्री माझ्यावर केलं होतं. कॉफी आली ती माणसाला जागं ठेवायलाच. आणि तो 'नवीन प्रकार'? त्याचा माग काढायला मी दुसऱ्या दिवसापासून लागलो. जे हाती आलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाच्या डोंगरातलं. पण तिच्या बीचं पेय करून पिण्याचा भरवशाचा पुरावा मिळतो तो तांबड्या समुद्राच्या पलीकडे, येमेनमध्ये, पंधराव्या शतकाच्या मध्यावर. पिणारे होते सूफी फकीर. रात्रभर बसून नामस्मरण करायचं, म्हणजे त्यांच्या भाषेत जिक्र करायचा, तर झोप आड यायची. त्यावर त्यांनी हा काढा शोधला. त्याला नाव दिलं 'कहवा'. गंमत म्हणजे जुन्या अरबीत हा शब्द मद्यासाठीही वापरत. तोच शब्द तुर्कांकडे 'काहवे' झाला, डचांकडे 'कोफी' झाला आणि इंग्रजांच्या हातून आपल्याकडे 'कॉफी' होऊन आला. बीला अरबीत म्हणतात 'बुन्न'. आपल्या जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला 'बुंद' म्हणत, तो याच 'बुन्न'चा भाऊ. म्हणजे इंग्रज साहेबाच्या आधीच एक शब्द समुद्रावरून थेट आपल्याकडे येऊन पोचला होता. आपण तो विसरलो, इतकंच.

अब्दुल कादिर अल-जझीरी नावाच्या लेखकानं १५५८ मध्ये कॉफीवर एक ग्रंथच लिहिला. कॉफी पिणं धर्माला धरून आहे की नाही, याची त्यात चर्चा आहे. कैरोत राहणारे येमेनी सूफी ती कशी पीत, तेही त्यात आलं आहे. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि शुक्रवारी रात्री, सगळे जमत. तांबड्या मातीचं एक मोठं भांडं कॉफीनं भरलेलं असे. त्यांचा प्रमुख छोट्या डावानं प्रत्येकाला कॉफी द्यायचा, उजवीकडून सुरुवात करून, एकामागून एक. तोंडानं नामाचा गजर चाललेला. आपल्याकडच्या रात्रीच्या भजनात मधूनच चहाची किटली फिरते ना, तसंच हे दृश्य.

चर्चा करायची वेळ का आली? कारण १५११ मध्ये मक्केत कॉफीवर बंदी आली होती. खैर बेग हा तिथला बाजारावर देखरेख ठेवणारा अधिकारी. लोक रात्री एकत्र बसून काहीतरी काळं पितात आणि बोलतात, हे त्याला खुपलं. त्यानं विद्वान जमवले, वैद्य बोलावले, कॉफी हानिकारक ठरवली आणि बाजारातला साठा जाळायला लावला. पुढे कैरोहून सुलतानाचा हुकूम आला. त्यात नको त्या बैठकांवर रोख होता, पण पेयावर बंदी नव्हती. कॉफी पुन्हा सुरू झाली. अधिकाऱ्याचा राग पेयावर कमी आणि लोक एकत्र बसतात यावर जास्त असावा, असं मला वाटतं.

हे फकिरांचं पेय आपल्याकडे आलं तेही एका फकिराच्याच हातानं, अशी कथा आहे. बाबा बुडन हजला गेले. येताना मोखा बंदरातून त्यांनी कॉफीच्या सात बिया आणल्या. उगवू शकेल असं बी देशाबाहेर जाऊ द्यायचं नाही, असा तिथला कटाक्ष. बाबांनी त्या बिया अंगावर लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रगिरी डोंगरावर रुजवल्या. काळ सांगतात १६७० च्या आसपासचा. सातच का? तर सात हा आकडा शुभ. कथा आहे, तिला कथा म्हणूनच घ्यायचं. पण त्या डोंगराला आज बाबाबुडनगिरी म्हणतात आणि त्याच्या उतारांवर कॉफीचे मळे आहेत, हे काही कथेतलं नाही.

काही वर्षांपूर्वी मी तिथे गेलो होतो. सोबत माझे एक जुने स्नेही होते. मराठीचे निवृत्त शिक्षक, पिढीजात दत्तभक्त, दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणारे. मी कॉफीच्या ओढीनं निघालो होतो, ते दत्ताच्या. कारण त्या डोंगरावरचं स्थान दत्तात्रेयाचं पीठ म्हणून ओळखलं जातं आणि दर्गा म्हणूनही. त्याचं रीतसर नावच लांबलचक आहे : श्री गुरू दत्तात्रेय बाबाबुडनस्वामी दर्गा. एका दमात म्हणून पाहा. दत्त, बाबा, स्वामी आणि दर्गा, चौघं एका ओळीत दाटीवाटीनं बसले आहेत. कुणा कवीला सुचलं नसतं असं नाव लोकांनी न ठरवता केलं. आता त्या नावातला कुठला शब्द ठेवायचा आणि कुठला काढायचा, यावरून गेली कित्येक दशकं कोर्टकचेऱ्या चालू आहेत. आम्ही गेलो तेव्हाही पोलिसांचा बंदोबस्त होता.

गुहेतून बाहेर आल्यावर गुरुजी म्हणाले, ''आमच्या नाथांच्या चरित्रात दत्तप्रभू मलंगाच्या वेषात येतात. बरोबर कुत्रं असतं. हे मी चौथीपासून ऐकत आलोय. मग फकिराच्या गुहेत दत्त भेटला, यात मला काय नवल?'' मी काहीच बोललो नाही. खाली उतरल्यावर एका टपरीवर आम्ही दोन पेले कॉफी घेतली आणि एसटीत बसायचं असल्यासारखी घाईघाईनं संपवली, एवढं आठवतं.

इथून पुढे कॉफीची गोष्ट वेगळ्या हातांत जाते. डच व्यापाऱ्यांनी १६९६ मध्ये मलबारच्या किनाऱ्यावरून कॉफीची रोपं जावा बेटावर नेली. ती पुरात गेली. १६९९ मध्ये पुन्हा नेली, ती जगली. सात बियांची चोरी असो वा नसो, या रोपांचा व्यापार मात्र कागदोपत्री झाला. पुढे जावाची कॉफी ॲमस्टरडॅमच्या लिलावात विकली जाऊ लागली. १८३० पासून तर डच सरकारनं सक्तीची लागवडच लादली. शेतकऱ्यानं सांगितलेलं पीक काढायचं आणि सरकार ठरवेल त्या भावानं सरकारलाच घालायचं. आपल्याकडे इंग्रजांनी नीळ आणि अफूबाबत जे केलं, त्यातलाच हा प्रकार. १८६० मध्ये मुलतातुली या टोपणनावानं एका डच अधिकाऱ्यानं 'माक्स हाफेलार' ही कादंबरी लिहून हा जुलूम हॉलंडच्या दारात नेऊन ठेवला. शेजारच्या सुमात्रात कॉफीच्या पानांचा काढा प्यायची पद्धत आहे, 'कावा दाउन' म्हणतात त्याला. बिया साहेबाच्या गोदामात आणि पानं पिकवणाऱ्याच्या करवंटीत!

आता माझ्या मुलीच्या बाटलीकडे येतो. थंड पाण्यातली कॉफी जिथे खऱ्या अर्थानं नावारूपाला आली, तो देश जपान. आणि तिथे तिचं जुनं नाव काय, तर 'डच कॉफी'! १६४१ पासून पुढची दोनशेहून अधिक वर्षं जपाननं युरोपियनांना दारं बंद केली होती. एकच खिडकी उघडी होती, नागासाकीच्या बंदरातलं देजिमा नावाचं चिमुकलं बेट, आणि तिथे फक्त डचांना राहायची मुभा. कॉफी जपानमध्ये शिरली ती त्या खिडकीतून. जहाजावर विस्तव पेटवणं धोक्याचं, म्हणून डच खलाशी थंड पाण्यात कॉफी भिजवत आणि त्यांच्याकडून जपाननं ही रीत घेतली, असं सांगतात. हीसुद्धा कथाच, सात बियांसारखी.

पण जपान्यांनी तिचं जे केलं, ते मात्र डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे. क्योतो शहरातल्या कॉफीगृहांमधून काचेचे उंच मनोरे उभे असतात. वरच्या भांड्यात थंड पाणी, मधल्या नळीत कॉफीची पूड, खाली रिकामं भांडं. वरून पाण्याचा थेंब पडतो. थोडा वेळ जातो. मग दुसरा थेंब. पाणी पुडीतून झिरपत झिरपत खाली उतरायला कित्येक तास लागतात. महादेवाच्या पिंडीवरची अभिषेकपात्राची धार आठवा, तीही आणखी सावकाश केलेली. बुंद म्हणजे कॉफीचा दाणा आणि बूंद म्हणजे थेंब, हे दोन शब्द एका जागी आणायचं काम क्योतोच्या माणसांनी केलं, आणि त्यांना याचा पत्ताही नाही. ज्यांना मनोऱ्याचा खटाटोप नको, ते पूड सरळ पाण्यात भिजत टाकतात. त्याला 'मिझुदाशी' म्हणतात, पाण्यात उतरवलेली. आपण घरी करणार आहोत ती हीच.

मला खटकलं ते नाव. जावातल्या शेतकऱ्यानं पिकवलं, जपानी माणसानं हाताला वळण लावून घडवलं, आणि नाव राहिलं मधल्या व्यापाऱ्याचं. एकदा हे लक्षात आल्यावर मी थंड कॉफीच्या इतिहासात नावंच शोधत सुटलो.

पहिलं सापडलं 'माझाग्रान'. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात उंच पेल्यात पाणी घालून दिलेल्या कॉफीला हे नाव पडलं. पोर्तुगालमध्ये आजही लिंबू पिळलेल्या थंड कॉफीला तेच म्हणतात. माझाग्रान हे अल्जीरियातलं एक गाव. १८४० च्या फेब्रुवारीत तिथल्या गढीत १२३ फ्रेंच सैनिक अडकले आणि अमीर अब्दुल कादिर यांच्या माणसांनी त्यांना काही दिवस वेढा घातला. अडकलेल्यांकडे कॉफी होती, पण तिच्यात घालायला दूध किंवा मद्य नव्हतं. त्यांनी थंड पाणी घालून ती प्यायली, आणि सुटून गेल्यावर पॅरिसच्या कॉफीगृहांत तशीच मागू लागले, असा किस्सा आहे. त्या सैनिकांचा फ्रान्समध्ये मोठा गौरव झाला. ज्यांचा देश होता, ते त्या पेल्यात कुठेच नाहीत. अमीर अब्दुल कादिर हे स्वतः सूफी होते, कवी होते. पुढे दमास्कसला राहत असताना, १८६० च्या दंगलीत, त्यांनी हजारो ख्रिस्ती माणसांना आसरा देऊन वाचवलं. त्यांच्या नावाची कॉफी मी कुठे ऐकली नाही.

दुसरं सापडलं ते बाटलीवरचं चित्र. ग्लासगोच्या पॅटरसन कंपनीनं १८७६ मध्ये 'कॅम्प कॉफी' बाजारात आणली. हा दाट, गोड अर्क. त्यात चिकोरीचा अर्क २६ टक्के आणि कॉफीचा अवघा ४ टक्के. गरम पाण्यात घाला नाहीतर थंड दुधात, झाली कॉफी. हिंदुस्थानातल्या मोहिमांवर असलेल्या गोऱ्या पलटणींसाठी ती काढली, असं सांगतात. चित्रात तंबू, तंबूपुढे ऐटीत बसलेला स्कॉटिश अधिकारी आणि बाजूला हातात तबक घेऊन उभा असलेला शीख सेवक. काळ बदलला तसं आधी सेवकाच्या हातातलं तबक गेलं. मग २००६ च्या सुमारास चित्र नव्यानं काढलं, त्यात शीख सैनिक साहेबाच्या शेजारी बसून स्वतःही कॉफी पितो आहे. उभा असलेला माणूस खाली बसायला सव्वाशे वर्षं लागली. आपला देश स्वतंत्र होऊनही तोवर साठ वर्षं होत आली होती.

यानंतरची गोष्ट थोडक्यात. १९६४ मध्ये टॉड सिम्पसन या अमेरिकन रसायन अभियंत्यानं घरच्या घरी थंड पाण्यात कॉफी उतरवायचं एक साधं भांडं बनवलं, त्याचं नाव 'टॉडी'. पन्नास वर्षं ते हौशी लोकांपुरतंच राहिलं. २०१५ मध्ये स्टारबक्सनं आपल्या दुकानांतून कोल्ड ब्रू विकायला सुरुवात केली आणि जगभर तिची लाट आली. ती लाट बंगळुरूमार्गे कराडच्या फ्रीजपर्यंत पोचली. तिथे पोचल्यावर तिचा एक पेला माझ्या पोटात गेला, ते मी सांगितलंच आहे.

आता त्या रात्रीचं कोडं. विस्तव नाही तरी इतकी कडक कशी? उकळत्या पाण्यात कॉफीतलं सगळं भराभर उतरतं, चांगलंही आणि कडूही. थंड पाण्यात काही गोष्टी फार कमी उतरतात, म्हणून कडवटपणा कमी आणि गोडसरपणा पुढे. पण जागं ठेवणारं द्रव्य, कॅफीन, थंड पाण्यातही विरघळतं. साध्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे २० ग्रॅम कॅफीन मावू शकतं. १०० ग्रॅम अरेबिका कॉफीत ते असतं जेमतेम सव्वा ग्रॅम. म्हणजे पाण्याला कमतरता ताकदीची नसते, वेळेची असते. रात्रभर वेळ दिला की ते जवळजवळ सगळं ओढून घेतं. माझ्या मुलीनं लिटरभर पाण्याला २०० ग्रॅम पूड घातली होती. निरोगी माणसानं दिवसभरात मिळून ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन घेऊ नये, असं तज्ज्ञ सांगतात. मी एका पेल्यात तेवढं किंवा त्याहून जास्तच पोटात घातलं होतं. चव सौम्य लागते, म्हणून फसगत होते. मृदू बोलणारी माणसं कधी कधी जास्त जागं ठेवतात, तसंच.

आणखी एक समज दूर करायला हवा. थंड कॉफीत आम्ल नसतं, त्यामुळे पित्त होत नाही, असं सर्रास सांगतात. अमेरिकेतल्या दोन संशोधक महिलांनी २०१८ मध्ये हे तपासून पाहिलं. गरम काय आणि थंड काय, दोन्हींचा पीएच ४.८५ ते ५.१३ या दरम्यानच निघाला. गरम कॉफीत एकूण आम्लांचं प्रमाण थोडं जास्त भरलं, हे खरं. पण पित्ताचा त्रास असेल, त्यांनी थंड आहे म्हणून बेफिकीर राहू नये.

करायची पद्धत आमच्या घरात आता अशी बसली आहे. कॉफीच्या दुकानात जाऊन बिया समोर दळून घ्यायच्या आणि दोन गोष्टी बजावून सांगायच्या. एक, चिकोरी घालू नका. फिल्टर कॉफीत ती चालते, पण इथे तिची चव सगळ्यावर बसते. दुसरी, जाडसर दळा. लाडवाच्या जाड रव्याएवढी पूड हवी. बारीक पूड पाणी गढूळ करते, फडक्यातून गळत नाही आणि कॉफी कडू होते.

१०० ग्रॅम पूड काचेच्या स्वच्छ बरणीत घ्यायची. वर पिण्याचं एक लिटर थंड पाणी, एकदम न ओतता आधी थोडं घालून पूड भिजवून घ्यायची, मग उरलेलं. लाकडी चमच्यानं एकदा ढवळायचं, झाकण लावायचं आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवून द्यायची. आपल्या उन्हाळ्यात ती ओट्यावर ठेवू नये. उकळी न आल्यानं यातले जंतू मरत नाहीत, हे लक्षात ठेवून भांडी स्वच्छ आणि जागा थंड ठेवायची. चौदा ते सोळा तास पुरतात. संध्याकाळी भिजवली की दुसऱ्या दिवशी सकाळी तयार.

मग आधी चहाच्या गाळणीतून आणि नंतर धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळायची. फडकं पिळायचा मोह होतो. पिळू नका, सगळा गाळ आणि कडूपणा खाली येतो. श्रीखंडाचा चक्का टांगतो तसं फडकं टांगून सोडून द्यायचं. भिजलेली पूड बरंच पाणी धरून ठेवते. लिटरभर घातलं तर पाऊण-सव्वापाऊण लिटर हाती लागतं. बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवली की पाच-सहा दिवस चांगली राहते. पिताना अर्धा पेला कॉफी आणि अर्धा पेला थंड पाणी किंवा दूध. उरलेला चोथा गुलाबाच्या कुंडीत, तोही थोडा थोडा. यंत्र नको, मनोरा नको, दुकानातला महाग पेला नको. बरणी, फडकं आणि एक रात्र, एवढंच भांडवल.

माझ्या लहानपणी कॉफी म्हणजे साखरेच्या वडीत बसवलेली पूड. गरम दुधात वडी टाकायची, वर जायफळ उगाळायचं. ताप आला तर, नाहीतर पाहुणे आले तर. आमच्या अम्मी ती वडी शेजारच्या काकूंकडून आणत आणि काकू एकादशीच्या दिवशी, उपासाला चालते म्हणून, तीच कॉफी पीत. या थंड कॉफीतही मी आता चिमूटभर जायफळ घालतो. मुलगी नाक मुरडते. म्हणते, ''अब्बा, जगात कुणी यात जायफळ घालत नाही.'' मी म्हणतो, ''कऱ्हाडात घालतात.''

गेल्या रमजानात मी संध्याकाळी बरणी भरून ठेवायचो. पहाटे सहरीला अंधारात स्टोव्ह-गॅस काही पेटवावा लागायचा नाही, बाटलीतली थोडी कॉफी आणि दूध की झालं. मध्येच एकादशी आली. सकाळी गुरुजी दारात हजर. त्यांचा उपास होता, माझा रोजा होता. त्यांना कॉफी चालणार होती, मला संध्याकाळपर्यंत नाही. मी त्यांच्यासाठी पेला भरला, जायफळ घातलं. ते म्हणाले, ''तुमच्यासमोर एकट्यानं कसं प्यायचं?'' मी म्हटलं, ''तुम्ही प्या. माझी बाटलीत आहे, संध्याकाळपर्यंत कुठे जात नाही.''

त्यांनी पेला हातात घेतला, एक घोट घेतला आणि विचारलं, ''छान आहे हो. काय म्हणतात हिला?''

डच कॉफी, माझाग्रान, कॅम्प, टॉडी, कोल्ड ब्रू अशी सगळी नावं माझ्या जिभेवर आली. मग मला तो डोंगर आठवला, चौघांना एका ओळीत बसवणारं ते लांबलचक नाव आठवलं.

मी म्हटलं, ''बाबाबुडनगिरीची. आपण दोघांनी मिळून आणलेली.''

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)